बजेटमधली खुर्ची

मित्राला त्याच्या नव्या गेमिंग कॉम्प्युटरच्या पार्टची यादी पाठवल्यावर दोन दिवस काहीच उत्तर नाही, आणि मग एकच ओळ आली : ‘ग्राफिक कार्ड जरा हलकं घेतलं तर चालेल का? त्यात एक खुर्ची बसवायचीय.’ चहाचा कप हातात धरून मी ती ओळ पुन्हा वाचली. रात्री जागून केलेली यादी होती ती. प्रोसेसरला साडेदहा हजार, मदरबोर्डला साडेसात, रॅमला साडेआठ, कार्डाला एकवीस... एकेका हजाराला मी जागा शोधून दिली होती. बजेट साठ हजारांचं, यादी आधीच अडुसष्टला टेकलेली, आणि हा गृहस्थ त्यात खुर्ची बसवतोय. ‘खुर्चीने खेळाचा वेग वाढतो का रे?’ असं खोचक काहीतरी लिहिलं, पुसलं, आणि ‘बघतो’ एवढंच पाठवलं. पण ती खुर्ची दिवसभर डोक्यातून उठेना.

आम्ही त्याला डीटीपी म्हणतो. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी तो पुण्यात अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळात टायपिंगला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर बसवायच्या डीटीपीच्या कामाला, जायचा, तेव्हापासून चिकटलेलं हे नाव. पुढे तोच गाळा त्याने चालवायला घेतला. आत शिरलं की टोनरचा गरम वास, भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने, स्पर्धा परीक्षेच्या नोट्सचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारं एक म्हातारं मशीन. त्याला इंटरनेट जोडलेलं नाही, कारण त्यात पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर आहे आणि पेजमेकरमध्ये त्याच्या आजवरच्या सगळ्या पत्रिका. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली. डीटीपीचं तीवर अजून नीट चाललंय. वरती गणपती केवढा घ्यायचा, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ खाली कुठल्या कोपऱ्यात बसतं, हे त्याला झोपेतही सांगता येईल. आयुष्य कॉम्प्युटरसमोर गेलेल्या या माणसाच्या घरी मात्र कॉम्प्युटर नव्हता, आणि चाळिशी उलटल्यावर त्याला हवा होता तो एकदम गेमिंगचा. पैसे भिशीचे. वहिनी पतपेढीत आहेत, त्यांच्या ग्रुपची भिशी यंदा त्यांना लागली आणि त्याच म्हणे म्हणाल्या, ‘घ्या एकदाचा. किती दिवस मोबाइलवर दुसऱ्यांचे खेळ बघत बसणार?’

दुसऱ्यासाठी पार्ट निवडण्यात एक वेगळीच मजा असते, आणि ती फारशी सात्त्विक नसते. पैसे त्याचे, हौस आपली. माझा लॅपटॉप ऑफिसचा. त्यावर साधा पत्त्यांचा खेळ टाकायचा तरी आयटी डिपार्टमेंटची परवानगी लागते. त्यामुळे कुणी ‘जरा यादी करून दे ना’ म्हटलं की माझ्या अंगात येतं. प्रोसेसर रायझन ५ ५६०० घ्यायचा हे ठरवायला वेळ लागला नाही : सहा कोर, ६५ वॉट, आणि मदरबोर्डवर बसतो तो एएम४ नावाच्या सॉकेटवर, म्हणजे २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हाच्याच सॉकेटवर. मदरबोर्ड स्वस्तात मिळतो, जुनी डीडीआर४ रॅम चालते. नव्या एएम५वर गेलं की डीडीआर५शिवाय गत्यंतर नाही आणि बजेट तिथेच झोपतं. कार्ड आरएक्स ६६००, आठ जीबीचं. १०८०पीवर, म्हणजे साध्या फुल एचडी पडद्यावर, आजही बरंच काही नीट चालवतं, आणि खातं फक्त १३२ वॉट. अशी यादी जमून आली की तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. त्या बघण्यात मित्र कुठेच नसतो, हे मला ती खुर्ची येईपर्यंत फारसं जाणवलं नव्हतं.

टिळक रोडवर शनिवारी आम्ही दोघं गेलो. स्कूटर लावायला जागा मिळेपर्यंत दोन चकरा झाल्या, आणि दुकानात शिरलो तर मालक आधीच वैतागलेला. रॅमचा भाव विचारला तर म्हणाला, ‘हा आत्ताचा भाव आहे साहेब. संध्याकाळी याल तर संध्याकाळचा.’ लक्ष्मी रोडवर सोन्याचा दर फळ्यावर लिहितात, तशी त्याने एक छोटी पाटी काउंटरवर टेकवून ठेवली होती आणि तिच्यावरचे आकडे बोटाने पुसून पुसून काळे झाले होते. वर्षभरापूर्वी जी सोळा जीबी कुणी हिशेबातही धरली नसती, तिचा भाव दुपटीच्याही वर गेलेला. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते. त्यांनी आपली ताकद एआयच्या सर्व्हरांना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे वळवली, आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रूशियल’ हा तुमच्याआमच्यासाठी असलेला ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. माझ्या मनात आलं, की डीटीपीच्या गाळ्यावरही हेच एआयचं संकट आलंय. पोरं मोबाइलसमोर बोलतात, मजकूर आपोआप टाइप होतो. त्याच्याकडे येतात ते ऱ्हस्व-दीर्घ तपासून प्रिंट काढायला. ज्याने काम नेलं त्यानेच रॅमही महाग केली. मी त्याला हे तिथेच काउंटरवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘ऱ्हस्व-दीर्घ अजून त्याला येत नाही ना? मग झालं.’

आणि आठ-आठच्या दोन स्टिक घेतल्या.

आठची एक घे, एक नंतर टाकू, असं मालक सुचवत होता. पण एकच स्टिक लावली की मेमरीचं एकच चॅनेल चालतं आणि प्रोसेसर उगाच उपाशी राहतो. खेळात ते लगेच कळतं. हे मी समजावत असताना डीटीपीचं लक्ष कॅबिनेटांकडे. भिंतभर काचेची कॅबिनेटं लावलेली, प्रत्येकात तीन-चार पंखे, प्रत्येक पंख्याला सप्तरंगी दिवे. त्या उजेडात त्याचा चेहरा कधी जांभळा, कधी हिरवा. मी मनाची तयारी केली, की आता हा दिवेवालं मागणार. त्याने विचारलं, ‘बिनदिव्याचं आहे का?’ मालकाने त्याच्याकडे असं बघितलं, जणू चितळ्यांच्या दुकानात कुणी बाकरवडी सोडून शेव मागितली. कमी पैशातल्या कॅबिनेटला दिवे नसणं हीच आता दुर्मीळ गोष्ट झाली आहे. शेवटी माळ्यावरून एक काळं, पुढे जाळी असलेलं, धूळ बसलेलं कॅबिनेट निघालं. जाळी बघून मला बरं वाटलं. हवा खेळायला काचेपेक्षा जाळी केव्हाही चांगली. डीटीपीला बरं वाटायचं कारण वेगळं : ‘हॉलमध्येच ठेवायचंय. तिथेच देवघर आहे. दिवा एकच बरा.’

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र आमचं वाजलं. मालक म्हणे, या कॅबिनेटबरोबर चारशे पन्नास वॉटचा एसएमपीएस जवळजवळ फुकट देतो, तुमचे अडीच-तीन हजार वाचतील. डीटीपीचे डोळे चमकले, कारण वाचलेले पैसे कुठे जाणार हे त्याने ठरवलेलंच होतं. मी साफ नाही म्हटलं. आमच्या घरी पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर आला तेव्हा त्यातही असाच ‘फुकट’ एसएमपीएस होता. कॉम्प्युटरला प्लास्टिकचं कव्हर, त्याच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल. एवढा मान असलेल्या त्या यंत्राच्या पोटातून एका पावसाळी संध्याकाळी, लाइट जाऊन परत येताना, फट्ट असा आवाज आला आणि खोलीभर जळक्या माशांसारखा वास पसरला. बाबांनी तो उचलून रिक्षाने बुधवार पेठेत नेला. एसएमपीएस जाताना मदरबोर्डही घेऊन गेला होता. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढे कित्येक महिने कुठलीही वस्तू घेताना ते तिचं वजन हातात घेऊन बघायचे. मलाही ती सवय लागली, आणि ती अगदीच अडाणी नाही. हलक्या एसएमपीएसमध्ये तांबं कमी, कपॅसिटर छोटे, आणि स्टिकरवरचे वॉट मनाचे. बघायचं असतं ते बारा व्होल्टच्या रेषेसमोर किती अँपिअर लिहिलेत ते. बारा गुणिले छत्तीस म्हणजे ४३२ वॉट खरेखुरे; बाकी सजावट. डीटीपीचं सगळं मशीन मिळून भर खेळातही अडीचशे वॉटच्या पुढे जाणार नव्हतं, तरी मी साडेपाचशेचा, वीज कमी वाया घालवण्याचा ‘ब्राँझ’ शिक्का असलेला, चार हजारांचाच घ्यायला लावला. तो जरा रुसला. रुसू दे.

खेळणार काय, हे मी त्याला विचारलं ते त्यानंतर, अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलो असताना. यादी करण्याआधी का विचारलं नव्हतं? कारण मला उत्तर माहीत आहे असं मी धरूनच चाललो होतो. कॉलेजात असताना कर्वे रोडवर एका बेसमेंटमध्ये सायबर कॅफे होता. चपला बाहेर, आत एसीची थंडी आणि ओल्या मोज्यांचा वास, आणि केबलने एकमेकांना जोडलेल्या मशीनवर काउंटर-स्ट्राइक. तासाला वीस-पंचवीस रुपये. आम्ही चौघं खेळायचो आणि डीटीपी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभा. ‘डावीकडे! डावीकडे! जिन्यात आहे!’ आमच्यापेक्षा जास्त त्यालाच दिसायचं. साडेसहा वाजले की तो निघायचा, टायपिंगला. त्याने कधी ‘मी बसू का’ म्हटलं नाही, आणि आम्हीही कधी उठलो नाही. तेव्हा माझ्या लेखी तो आता गोळ्या झाडायला येणार होता, एवढ्या वर्षांची भरपाई करायला, आणि मी त्याला चांगलं कार्ड मिळवून देणार होतो.

‘ट्रक,’ तो म्हणाला.

युरो ट्रक सिम्युलेटर २. एका चेक कंपनीने २०१२ साली काढलेला खेळ. युरोपचा नकाशा एकोणिसास एक या प्रमाणात लहान केलेला, आणि त्यात आपण माल घेऊन हिंडायचं. कुणी कुणाला मारत नाही. पाऊस आला की वायपर लावायचे, रात्र झाली की हेडलाइट, झोप आली की पार्किंग शोधून झोपायचं, आणि सिग्नल तोडला की दंड. पुण्याच्या माणसाला सिग्नलला थांबण्यासाठी युरोपात जावं लागतं, हा विनोद मी लगेच करून घेतला. तो हसला नाही. तो सांगत होता, गाळा बंद केल्यावर जेवण झालं की तो कुणाकुणाचे हे ट्रकचे व्हिडिओ बघतो. दीड-दीड तासाचे, ज्यांत बोलणंही फारसं नसतं. ‘दिवसभर माणसं येऊन उभी राहतात रे डोक्यावर. दादा, लवकर. दादा, फॉन्ट बदला. दादा, नाव चुकलंय. तिथे रस्ता असतो नुसता.’ आणि मग, सिग्नल सुटता सुटता : ‘पण ट्रक चालवायचा तर सीट नको का? स्टुलावर बसून कसला ट्रक?’

गाळ्यातली त्याची खुर्ची मी किती वेळा बघितली असेल. पांढरी प्लास्टिकची, मागचा एक पाय दोरीने आवळलेला, वर चपटी झालेली उशी. तिच्यावर बसून त्याने कंबर घालवली.

हा खेळ ग्राफिक कार्डापेक्षा प्रोसेसरच्या एकेका कोरावर जास्त भार टाकतो, त्यामुळे कार्ड हलकं घ्या हे त्याचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतंच. तरी मी भांडलो. माणसाचा खेळ सहा महिन्यांत बदलतो, कार्ड सहा महिन्यांत बदलता येत नाही. चार जीबीचं घेऊन तू पुढच्या वर्षी रडशील. (हे माझं मत अजून आहे.) शेवटी मार्ग निघाला तो जुन्या कार्डाचा. जुन्या कार्डांची एक भीती असते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगच, म्हणजे कार्डं राबवून नाणी कमावणंच, मोडीत काढलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, आणि पुसूनबिसून ‘फक्त घरी वापरलेलं’ म्हणून विकली गेली. म्हणून कार्ड विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच मशीनवर चालवून घ्यायचं, हा माझा नियम. आंबेगावला इंजिनिअरिंगच्या एका पोराची खोली. भिंतीवर जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या, कपाटावर ‘देअर श्रांक’, आरशावर ‘देअर श्पीगल’, आणि पलंगावर उघडी बॅग नि शेजारी वजनकाटा. मास्टर्सला निघालेला. आरएक्स ६६००, बिलासकट, खोक्यासकट. अर्धा तास आम्ही त्यावर भार टाकून बसलो. पंख्यांचा आवाज एकसारखा, तापमान सत्तरच्या आसपास थांबलेलं, पडद्यावर कुठे ठिपके-रेघा नाहीत. बेअरिंगचा खरखराट ऐकायला मी कान जवळ नेत होतो, आणि डीटीपी त्या चिठ्ठ्या वाचत होता.

‘जर्मनीत कुठे?’

‘स्टुटगार्ट, काका.’

‘ए-एट हायवेला लागूनच आहे की. उतारावर ट्रक हळू घ्यावे लागतात तिकडे.’

पोरगा आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. डीटीपी अजून पिंपरीच्या पुढे मुंबईलाही दोनदाच गेला असेल. ‘काका, तुम्ही होता तिकडे?’ डीटीपीने उत्तर दिलं नाही, नुसता हसला. तेरा हजारांना कार्ड ठरलं, आणि मी बारासाठी तोंड उघडणार तेवढ्यात याने पैसे पाठवूनसुद्धा टाकले. बाहेर आल्यावर मी चिडलो. ‘तिकडे लागतील त्याला,’ म्हणाला.

तर कार्डाचे आठ हजार सुटले आणि यादी साठावर आली. खुर्ची हडपसरच्या पुढच्या एका गोदामात मिळाली, साडेसहा हजारांना. वरचे पैसे त्याने पत्रिकांच्या सीझनमधून घातले. कंपन्यांनी मजलेच्या मजले रिकामे केले की हे फर्निचर इथे येतं. पत्र्याच्या छपराखाली रांगेने शेकडो खुर्च्या, पाठी एकाच दिशेला, प्रत्येकीच्या बुडाशी कुठल्यातरी कंपनीचा नंबर लावलेली चिठ्ठी. डीटीपी एकेका खुर्चीवर बसायचा, डोळे मिटायचा, दोन्ही हात पुढे धरायचा आणि डावा पाय क्लचवर दाबायचा. गोदामवाला विडी विझवून बघत राहिला. मला थोडी लाज वाटत होती आणि थोडा हेवाही. प्रोसेसर घेताना याने एक प्रश्न विचारला नव्हता. इथे मात्र त्याला कमरेचा आधार किती बोटं वर हवा ते नेमकं ठाऊक होतं. खुर्ची रिक्षात घातली, आणि मागून स्कूटरवर आम्ही, ती पडतेय का बघत, धायरीपर्यंत.

जोडणी रविवारी दुपारी, चटईवर. सकाळीच त्याचा फोन येऊन गेला होता : ‘पंखे फिरतायत, पडदा काळा.’ त्याला धीर धरवला नव्हता. जमेल तेवढं स्वतःच जोडून, मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावून त्याने बटण दाबलं होतं. ५६००च्या पोटात चित्र दाखवायची सोयच नसते, कार्ड बसल्याशिवाय काही दिसणार नाही, हे सांगेपर्यंत त्याने भिशीचे पैसे बुडाले असं धरून चहाही घेतला नव्हता. मग टॉर्च तोंडात धरून पुढच्या बटणाच्या त्या बारक्या पिना पुन्हा नीट लावणं, मदरबोर्डमागच्या पत्र्याने बोट कापणं, वगैरे नेहमीचं. वहिनी डाळिंब सोलत बसल्या होत्या आणि अधूनमधून ‘याची गॅरंटी किती?’, ‘आणि याची?’ असं विचारून वहीत लिहून घेत होत्या. शेवटी हळद-कुंकू घेऊन आल्या. ‘जाळीवर नको वहिनी, आत जाईल,’ मी म्हटलं, तर वरच्या पत्र्यावर लावलं. चालू झालं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बघतो तर ३२००च्या वेगाची रॅम २४००वर चालतेय; तिची ३२००ची प्रोफाइल चालू केली. मॉनिटर शंभर हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र बदलणारा, पण विंडोजने त्याला साठवर बसवलेला; तोही वर नेला. बजेट मशीनमध्ये पैसे देऊन घेतलेला वेग असा सेटिंगमध्ये पडून राहतो, आणि कित्येक लोक वर्षानुवर्षं तसेच खेळतात.

परवा त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर तो खुर्चीत, मी मागे दिवाणावर. रॉटरडॅमहून सफरचंदं घेऊन निघालेला, ताशी ऐंशीच्या वर काटा जाऊ देत नाही. मला राहवेना. ‘अरे, डावी लेन मोकळी आहे, घे की पुढे.’ ‘कशाला? वेळेत पोचतोय.’ स्टुटगार्टला म्हणे माल टाकून आला, आणि त्या पोराला तसा मेसेजही केला. मी विचारलं, स्वतःचा ट्रक घेतलास का? नाही. खेळातली बँक सुरुवातीलाच कर्ज देते, ते उचलून लगेच ट्रक घेता येतो. बरेच जण तेच करतात. हा मात्र अजून दुसऱ्यांच्या ट्रकवर फेऱ्या मारून पैसे साठवतोय. असं चाललं तर महिना जाईल, मी म्हटलं, घे ना कर्ज, खोटेच पैसे आहेत. त्याने गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि कर्जाचं पान उघडून मला दाखवलं.

‘व्याज बघितलंस का यांचं?’

आतून वहिनी म्हणाल्या, ‘भिशी नाही का हो त्यांच्यात?’